खाल्ले किती आणि अंगी लागले किती

वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगार-कायद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तो असा : गुराढोरांनी खाल्लेल्या खाद्यापैकी पचते किती, हे शास्त्रज्ञ कसे मोजतात? चालक सज्जन आहेत. ते नाही म्हणाले नाहीत. परंतु गोठ्यातला विषय शहरगावच्या श्रोत्यांना रुचेल काय, असे त्यांनी हळूच विचारले. आम्ही एवढेच सांगितले की, सभेला येण्यापूर्वी ज्यांनी चहा घेतला आहे, त्या सर्वांचा या विषयाशी संबंध आहे.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा हा विषय आमच्याकडे कसा आला, हे आधी सांगितले पाहिजे.

तळोजा हे एके काळी भातशेतीचे गाव. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्याच्या आगेमागे या भागात औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भाताची खाचरे कारखान्यांखाली गेली. जमीन गेली तरी गोठा लगेच गेला नाही. वसाहतीत हमाली करणाऱ्या कित्येकांच्या घरी अजूनही एखाददुसरी म्हैस आहे. फरक एवढाच की पूर्वी म्हैस बांधावर चरत असे. आता तिला पेंढाही विकतचा आणि आंबोणही विकतचे. दुधाच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. त्यामुळे गोणीचा भाव वाढला की त्या घरात त्याची चर्चा पगाराच्या चर्चेइतकीच गंभीरपणे होते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका गोदामात आम्ही माथाडी कामगारांच्या मजुरीदराची बोलणी करावयास गेलो होतो. आत पशुखाद्याच्या पन्नास पन्नास किलोंच्या गोण्यांची थप्पी लागली होती. दुपारच्या सुटीत आमच्या संघटनेतले एक वडीलधारे हमाल, ज्यांना सारे तात्या म्हणतात, थप्पीला टेकून बसले आणि म्हणाले, "भाऊ, या गोणीवर वीस टक्के प्रथिनं लिवलंय. मी ही गोणी पाठीवर वाहतो आणि हीच घरी विकत नेतो. पण त्या विसातलं म्हशीच्या अंगाला किती लागतं, ते कुठं लिवलंय?"

आम्ही गोणी उलटसुलट करून पाहिली. प्रथिने, स्निग्धांश, तंतू, वाळूचे प्रमाण, सगळे छापलेले होते. अंगी किती लागते, ते नव्हते. त्या दिवशी तात्यांना उत्तर देता आले नाही. ते शोधण्यासाठी जे वाचले आणि जाणकारांना जे विचारले, ते आज आपणांपुढे ठेवतो.

गोणीवरचा आकडा कोठून येतो?

पहिल्याने गोणीवरच्या आकड्याचे कूळ पाहू. जर्मनीत गटिंगन शहरानजीक वेंडे नावाचे गाव होते. तेथील शेतकी प्रयोगशाळेत हेनेबर्ग आणि श्टोमान या दोघा शास्त्रज्ञांनी १८६० च्या सुमारास वैरणीचे पृथक्करण करण्याची एक रीत बसविली. वैरणीतले पाणी, राख, प्रथिने, स्निग्धांश, तंतू असे भाग वेगळे मोजावयाचे आणि जे उरेल ते पिठूळ व साखरेसारखे विद्राव्य पदार्थ समजावयाचे, अशी ही रीत. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी आजही गोणीवरचे आकडे याच घराण्यातले आहेत.

यातला प्रथिनांचा आकडा मात्र सरळ मोजलेला नसतो, हे लक्षात ठेवावे. प्रयोगशाळेत मोजतात तो नत्र, म्हणजे नायट्रोजन. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथे कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याची प्रयोगशाळा होती. तेथील योहान केल्डाल यांनी १८८३ साली नत्र मोजण्याची सोपी रीत शोधून काढली. प्रथिनांत सर्वसाधारणपणे शेकडा १६ नत्र असतो. म्हणून सापडलेल्या नत्राला ६.२५ ने गुणावयाचे आणि येईल त्या आकड्याला प्रथिने म्हणावयाचे. शास्त्रज्ञ स्वतः प्रामाणिकपणे त्याला 'कच्ची प्रथिने' म्हणतात. बाजारात येईपर्यंत त्यातला 'कच्ची' हा शब्द कित्येकदा गळून पडतो.

या गुणाकाराचा अर्थ नीट पाहा. युरिया या खतात शेकडा ४६ नत्र असतो. त्याला ६.२५ ने गुणले की उत्तर येते २८७.५. म्हणजे कागदोपत्री युरिया हा शंभरात दोनशे सत्याऐंशी भाग प्रथिने असलेला पदार्थ ठरतो! प्रत्यक्षात त्यात प्रथिनांचा कणही नाही. कोंबडीच्या पिसांत प्रथिने खरीच असतात, शेकडा ८० हून अधिक. पण कच्ची पिसे खाऊन कोणतेही जनावर पोसत नाही, कारण ती प्रथिने पोटात फारशी सुटतच नाहीत. त्यांना आधी वाफेच्या दाबाखाली शिजवावे लागते. २००८ साली चीनमध्ये दुधात पाणी घालून नत्राचा आकडा भरून काढण्यासाठी मेलामाइन नावाचे रसायन मिसळण्यात आले. सुमारे ३ लाख बालके आजारी पडली आणि त्यांतली ६ दगावली. कसोटीचा आकडा मात्र चोख येत होता.

म्हणून खाद्यात काय आहे हा एक प्रश्न आणि त्यातले अंगी काय लागते हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न काचेच्या नळीला विचारता येतो. दुसरा जनावरालाच विचारावा लागतो.

जनावराला विचारावयाचे कसे?

पोटात काय घडते हे पाहण्याची माणसाची धडपड जुनी आहे. १७५२ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी पाळलेल्या घारीला धातूच्या छिद्रे पाडलेल्या नळ्यांतून मांस गिळावयास लावले आणि घारीने नळ्या परत ओकल्यावर आतले मांस किती विरघळले ते पाहिले. पोट हे केवळ जाते नसून तेथे रसायन चालते, हे त्यावरून ठरले. परंतु गायीम्हशीचे पोट घारीसारखे सरळ नाही. त्याचे चार कप्पे आहेत. पहिला कप्पा, कोटीपोट, मोठ्या जनावरात शंभर लिटरहून अधिक मावेल असा हौदच असतो. त्यातल्या रसाच्या एका मिलिलिटरात अब्जावधी जीवाणू असतात. गवतातले, पेंढ्यातले काष्ठतंतू म्हैस स्वतः पचवीत नाही. हे जीवाणू ते आंबवितात, त्यातून निघालेल्या आम्लांवर म्हैस जगते आणि पुढच्या कप्प्यांत गेलेल्या जीवाणूंनाही पचवून त्यांच्या शरीरातली प्रथिने घेते. अशा कारखान्यात आत डोकावून हिशेब लावणे कठीण. तेव्हा शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली ती आम्हां कामगारांच्या ओळखीची आहे. त्यांनी हिशेब फाटकावर ठेवला : आत गेले किती आणि बाहेर आले किती.

याला पचनीयता-चाचणी म्हणतात. ती अशी चालते. एका वयाची, एका वजनाची, निरोगी जनावरे निवडतात. शक्यतो नर घेतात, कारण त्यांचे शेण आणि मूत्र वेगळे गोळा करणे सोपे जाते. जनावरांना ठराविक वेळी, ठराविक वजनाचे, एकाच प्रकारचे खाद्य दोन ते तीन आठवडे देतात. या काळात काहीही मोजून लिहीत नाहीत. आधीचे खाद्य पोटातून पुरते निघून जावे आणि कोटीपोटातल्या जीवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हावी, एवढ्यासाठीच हे दिवस असतात. मग सात ते दहा दिवस खरी मोजणी. दिलेले खाद्य तोलतात, गव्हाणीत उरलेले उष्टे तोलतात आणि रात्रंदिवस पडलेले सारे शेण गोळा करून तोलतात. रात्री तीन वाजता पडलेले शेणही सुटता कामा नये; म्हणून तेथे पाळ्या लावाव्या लागतात. शेणाचा ठराविक अंश नमुना म्हणून काढून भट्टीत वाळवितात, म्हणजे पाणी गेल्यावर शुष्क भाग किती राहिला ते कळते. नत्रासाठीचा नमुना मात्र ओलाच, आम्ल घालून ठेवतात. वाळविला तर नत्राचा काही भाग वायू होऊन उडून जातो.

आता उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. समजा, एका जनावराला दिवसाला १० किलो शुष्क खाद्य घातले. गव्हाणीत १ किलो उरले. म्हणजे खाल्ले ९ किलो. दिवसाचे शेण भरले १८ किलो. ते वाळविल्यावर कळले की त्यात शेकडा २० शुष्क भाग आहे, म्हणजे ३.६ किलो. नवातून ३.६ वजा केले की ५.४ किलो उरले. खाल्लेल्या नवापैकी ५.४ अंगी लागले, म्हणून पचनीयता शेकडा ६०. गव्हाणीतले उष्टे तोलावयास कोणी कंटाळला, तर १० मधून ३.६ वजा होतील आणि तेच खाद्य शेकडा ६४ पचते असे कागदावर येईल. चार टक्के केवळ आळसाने वाढले! म्हणून या शास्त्रात मोठमोठ्या यंत्रांआधी तराजूवरच्या माणसाला महत्त्व आहे, आणि तो माणूस बहुधा रोजंदारीवरचा असतो.

हाच हिशेब प्रत्येक घटकाचा निराळा करतात. वरच्या उदाहरणात खाद्यात शेकडा १० प्रथिने असतील, तर ९ किलोंत ९०० ग्रॅम पोटात गेली. वाळलेल्या शेणात शेकडा ११ आढळली, तर ३९६ ग्रॅम बाहेर आली. राहिली ५०४ ग्रॅम, म्हणजे शेकडा ५६.

येथे श्रोते विचारतील की आंबोण एकटे तर कोणी घालत नाही. मग गोणीतल्या खाद्याची पचनीयता निराळी कशी काढावयाची? त्यासाठी चाचणी दोनदा घेतात. आधी नुसता पेंढा. समजा, तो शेकडा ४५ पचला. मग ५ किलो पेंढा आणि ४ किलो आंबोण. मघाच्या ५.४ किलोंतून पेंढ्याचा वाटा, म्हणजे ५ किलोंचे शेकडा ४५ या दराने २.२५ किलो, वजा केला. राहिले ३.१५ किलो. ते ४ किलो आंबोणाचे. म्हणून आंबोणाची पचनीयता शेकडा ७९ च्या जवळपास. या रीतीत एक गृहीत आहे : आंबोण सोबत असताना पेंढा पूर्वीइतकाच पचतो. वस्तुस्थिती नेहमी तशी नसते. थोडी पेंड मिळाली की जीवाणूंना बळ येऊन पेंढा अधिक पचतो. पीठ फार झाले तर कोटीपोट आंबट होऊन तो कमी पचतो. सोबतीचा परिणाम माणसांवर होतो तसा वैरणीवरही होतो.

पेंढ्याची उलटी कमाई

आता कोकणच्या दृष्टीने या शास्त्रातली सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट सांगतो. भाताच्या पेंढ्यात कच्ची प्रथिने शेकडा ३ ते ४ असतात. समजा, जनावराने केवळ ५ किलो शुष्क पेंढा खाल्ला आणि त्यात शेकडा ३.५ प्रथिने होती. आत गेली १७५ ग्रॅम. पेंढा शेकडा ४५ पचला, म्हणजे शुष्क शेण २.७५ किलो पडले. त्यात शेकडा ७ प्रथिने आढळली तर बाहेर आली १९२.५ ग्रॅम. आत आले त्याहून बाहेर गेले साडेसतरा ग्रॅम अधिक! पचनीयता शून्याच्याही खाली.

ही लिखाणातली चूक नव्हे. शेणात केवळ न पचलेले खाद्य नसते. आतड्याच्या झिजलेल्या पेशी, पाचकरसांचा उरलेला अंश, मेलेले जीवाणू, हेही त्यात असतात आणि त्या सर्वांत नत्र असतो. म्हणून शेणावरून काढलेल्या पचनीयतेला 'दृश्य पचनीयता' म्हणतात. शरीराचा हा वाटा वेगळा काढून जी ठरवितात ती 'खरी पचनीयता'. चांगल्या खाद्यात हा फरक थोडा असतो. पेंढ्यात तो सारी कमाई खाऊन टाकतो. चावणे, रवंथ करणे, पुढे ढकलणे या खटाटोपात म्हशीच्या पदरचे जाते ते पेंढ्यातून मिळते त्याहून अधिक होते. आमच्या परिचयात असे कामगार होते की ज्यांना कामाच्या जागी पोहोचण्यास गाडीभाडे आणि बाहेरचे जेवण मिळून रोजाहून अधिक खर्च येई. उन्हाळ्यात नुसत्या पेंढ्यावर ठेवलेली म्हैस हाडांना का लागते, ते या हिशेबावरून कळावे. तिचे पोट भरलेले असते आणि ती उपाशी असते.

भाताच्या पेंढ्याचे आणखी एक दुखणे म्हणजे त्यातील वाळूसारखे द्रव्य, सिलिका. ते काष्ठतंतूंच्या पचनाच्या आड येते. लिग्निन नावाचा लाकडातला चिवट पदार्थही तंतूंना घट्ट बांधून ठेवतो. वेंडेच्या जुन्या रीतीत सगळे तंतू एकाच नावाखाली जात, तेव्हा कोणते पचणारे आणि कोणते न पचणारे हे कळत नसे. अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी १९६० च्या दशकात साबणासारख्या द्रावणांत वैरण उकळून पेशीच्या भिंतीचे थर वेगळे करण्याची रीत दिली, तेव्हापासून हा घोटाळा बराच मिटला.

पगारपत्रकासारखा उतरता हिशेब

शेणातून गेले ते वजा केल्याने सगळा हिशेब संपत नाही. खाद्यातली सारी ऊर्जा हा जणू नोंदीतला पूर्ण पगार. त्यातून शेणातली वजा केली की पचनीय ऊर्जा. त्यातून मूत्रात गेलेली आणि ढेकरेवाटे मिथेन वायू होऊन गेलेली वजा केली की शरीराच्या उपयोगाची ऊर्जा. केवळ मिथेनमध्येच रवंथ करणाऱ्या जनावराची साधारणपणे शेकडा ६ च्या आसपास ऊर्जा जाते. त्यातूनही पचनाच्या कामात निर्माण होणारी उष्णता गेली, की राहिले ते खरे हातात पडणारे. त्यावर आधी जनावर जगते आणि मग शिल्लक असेल तर दूध देते. दूध हे शिलकीतून येते, ही गोष्ट गोठेवाल्याने विसरू नये.

व्यवहारासाठी आपल्याकडे 'एकूण पचनीय अन्नघटक' हे माप फार वापरले गेले. पचलेली प्रथिने, पचलेले तंतू, पचलेले पिठूळ पदार्थ यांची बेरीज आणि तीत पचलेल्या स्निग्धांशाची २.२५ पट. स्निग्धांशाला जादा मान, कारण त्यात ऊर्जा तितकी अधिक. पेंढ्याचे हे माप शंभरात चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास येते. मक्याच्या दाण्याचे ऐंशीच्या पुढे जाते.

अर्थात हा सारा हिशेब रवंथ करणाऱ्यांचा. कोंबडीचे शेण आणि मूत्र एकाच वाटेने एकत्र पडते, म्हणून तेथे मोजणीची तऱ्हा निराळी. कोंबडी व डुक्कर यांच्या बाबतीत लहान आतड्याच्या शेवटापर्यंत काय शोषले गेले हे पाहणे अधिक विश्वसनीय ठरले आहे, कारण पुढच्या भागात जीवाणू प्रथिनांत ढवळाढवळ करतात. आणखी एक मौज पाहा. भाताच्या कोंड्यात स्फुरद भरपूर. पण त्याचा मोठा भाग फायटेट या रूपात कुलूपबंद असतो. म्हशीच्या कोटीपोटातले जीवाणू ते कुलूप उघडतात. कोंबडीजवळ ती किल्ली फारशी नाही, म्हणून तिच्या खाद्यात फायटेज नावाचे विकर मिसळतात. खाद्य तेच, पोट बदलले की किंमत बदलली.

जवळचे मार्ग

सर्व शेण गोळा करण्याची चाचणी ही सर्वांत भरवशाची. पण ती महाग, आणि एका वैरणीला महिनाभर खाणारी. म्हणून जवळचे मार्ग निघाले.

पहिला मार्ग खुणेचा. जो पदार्थ मुळीच पचत नाही, तो खाद्यात जितका गेला तितकाच शेणात येणार. क्रोमियमचा ऑक्साइड मोजून मिसळतात, किंवा खाद्यातच असलेली, आम्लात न विरघळणारी राख खूण म्हणून धरतात. समजा, खाद्यात खूण शेकडा २ होती आणि वाळलेल्या शेणात ती शेकडा ६ झाली. खूण तिप्पट दाट झाली, याचा अर्थ खाद्याचा तिसरा हिस्साच बाहेर आला; दोन हिस्से, म्हणजे शेकडा ६७ च्या जवळपास, पचले. सारे शेण तोलण्याची गरज राहिली नाही. मात्र गव्हाणीत माती पडली असेल, तर राखेची खूण फसविते.

दुसरा मार्ग पिशवीचा. जनावराच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रियेने छिद्र करून त्यात रबरी झाकण बसवितात. त्यातून वैरणीची काही ग्रॅम भुकटी भरलेल्या बारीक विणीच्या नायलॉनच्या पिशव्या कोटीपोटात सोडतात आणि २४, ४८, ७२ तासांनी काढून, धुऊन, वाळवून तोलतात. ऐकणाऱ्यास हे क्रूर वाटते. नीट निगा राखली तर अशी जनावरे वर्षानुवर्षे खातपीत राहतात. तथापि तो त्रास कमी व्हावा म्हणूनही पुढचा मार्ग महत्त्वाचा ठरतो.

तिसरा मार्ग नळीचा. इंग्लंडमध्ये टिली आणि टेरी यांनी १९६३ साली दाखवून दिले की कोटीपोटातला रस आणून तो कृत्रिम लाळेसह, शरीराइतक्या उबेत, वैरणीवर ४८ तास ठेवला आणि पुढे ४८ तास आम्ल व पेप्सिन यांत ठेवले, तर जनावरावर घेतलेल्या चाचणीच्या बरेच जवळचे उत्तर मिळते. १९७९ साली जर्मनीत मेन्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेच्या पिचकारीत वैरण आंबवून सुटणारा वायू मोजला आणि त्यावरून अंदाज बांधला. या मार्गांनी एका आठवड्यात कितीतरी नमुने तपासून होतात. पण ध्यानात असू द्यावे की नळीचे उत्तर खरे की खोटे, हे शेवटी गोठ्यातल्या तराजूवरच पडताळून पाहतात.

आपल्या देशी

जर्मनीच्या गवतावरचे आकडे कोकणच्या पेंढ्याला चालत नाहीत. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील संस्थेत के. सी. सेन यांच्यासारख्यांनी भारतीय वैरणींच्या पोषणमूल्यांची कोष्टके तयार केली; ती पुढे अनेक वर्षे वापरात होती. आपल्या राज्यात परळचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालचे. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळीकांचन येथे 'बाएफ' उभी केली. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ सालचे. १९४९ साली गोरेगावजवळ आरे येथे दुग्धवसाहत वसविली आणि मुंबईतल्या तबेल्यांतल्या म्हशी तेथे नेल्या, तेव्हा शहराजवळ बांधून ठेवलेल्या म्हशीला काय आणि किती घालावे, हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पुढे आला. जी म्हैस चरावयास जात नाही, ती मालकाच्या हिशेबावर जगते. तळोज्याच्या गोठ्याचीही आज तीच अवस्था आहे. २०१२ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय दुग्ध योजनेत गावोगावच्या प्रशिक्षित माणसांनी एकेका जनावराचे वजन, दूध आणि घरी असलेली वैरण पाहून कमी खर्चाचा आहार जुळवून देण्याचे काम केले. त्या कामामागेही पचनाच्या या मोजण्याच उभ्या होत्या.

मोजणीमुळे सापडलेला एक उपाय तर घरी करता येण्याजोगा आहे. १०० किलो वाळलेला पेंढा, ४ किलो युरिया, सुमारे ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पुरता विरघळवून पेंढ्याच्या थराथरावर शिंपडावयाचा, तुडवून दाबावयाचा आणि प्लॅस्टिकच्या कागदाने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवावयाचा. आत अमोनिया सुटतो, लिग्निनची बांधणी सैल होते आणि पेंढा अधिक पचतो. त्याची कच्ची प्रथिनेही शेकडा ७ च्या घरात जातात. येथे युरियातल्या नत्राचा जीवाणूंना खरोखर उपयोग होतो, पण मर्यादेतच. खाण्यापूर्वी पेंढा तासभर उघडा ठेवून वास जाऊ द्यावा, सहा महिन्यांखालील वासरांना तो घालू नये, आणि युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नये. त्याने जनावर दगावते. पहिल्या वेळी पशुवैद्यास विचारून करावे. युरिया आपल्या जिल्ह्यात थळच्या कारखान्यातही तयार होतो. खाचरावर टाकावयाची वस्तू पेंढ्यालाही उपयोगी पडते, हे मोजल्यावाचून कळले नसते.

तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर

हे सगळे एका निवृत्त पशुवैद्यांकडून समजावून घेऊन एका रविवारी आम्ही तात्यांच्या गोठ्यावर गेलो. आमच्याजवळ भट्टी नव्हती, काचसामान नव्हते. पशुवैद्यांनी सांगितल्याप्रमाणे तात्यांच्या घरातून पिठाची एक जुनी चाळण घेतली, तीत ताजे शेण घातले आणि नळाखाली धुतले. हिरवट पाणी वाहून गेले. चाळणीत राहिले ते मक्याचे भरडे न झालेले अख्खे दाणे, सरकीची टरफले आणि पेंढ्याचे लांब तुकडे. तात्यांच्या सौभाग्यवती दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपण पैसे देऊन उकिरड्यावर मका टाकतो म्हणा की." ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, हे पशुवैद्यांनी बजावले, परंतु दाणा नीट भरडलेला नाही आणि पेंढा कापून घातलेला नाही, एवढे सांगावयास ती पुरेशी होती. त्या घरी आता पेंढा कापून घालतात आणि मका दळून आणतात.

गोणीच्या बाबतीत मात्र चाळण पुरी पडत नाही. समजा, दोन गोण्यांवर सारखेच 'प्रथिने २०' लिहिले आहे. पहिली १,६०० रुपयांना, दुसरी १,४०० ला. पहिलीतली प्रथिने शेकडा ७५ पचतात, दुसरीतली शेकडा ५०. पन्नास किलोंच्या पहिल्या गोणीत अंगी लागणारी प्रथिने साडेसात किलो, दुसरीत पाच किलो. पहिलीत त्यांचा भाव किलोला २१३ रुपये पडला, दुसरीत २८०. स्वस्त गोणी महाग निघाली, आणि हे ज्याला कळणे सर्वांत अगत्याचे, त्या गिऱ्हाइकाला ते कळण्याची सोय गोणीवर नव्हती.

भारतीय मानकात गायीम्हशींच्या मिश्रखाद्यात किमान कच्ची प्रथिने किती असावीत हे घातले आहे. तेवढ्याने अतिशय निकृष्ट माल अडविला जातो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु कामगार चळवळीत तीस वर्षे घालविल्यावर आम्हांस एवढे कळते की, मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा आणि घरी पोहोचणारा आकडा यांच्यामध्ये काय काय कापले जाते, हे विचारण्याचा अधिकार ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला असतो. तो अधिकार वापरावयाचा तर प्रश्न नेमका विचारता आला पाहिजे. दुधाच्या सोसायट्यांनी आपल्या खाद्याचा नमुना वर्षातून निदान एकदा सरकारी अथवा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत धाडावा आणि तेथे 'प्रथिने किती?' एवढेच न विचारता 'पचनीय किती?' असे विचारावे. खाद्य विकणाऱ्यालाही तेच विचारावे. एकट्या गिऱ्हाइकाला तो उत्तर देणार नाही. पन्नास घरांनी मिळून विचारले, तर त्याला द्यावे लागेल.

तात्या आता निवृत्त झाले आहेत. गोणी वाहत नाहीत, पण विकत नेतात. मागल्या खेपेला भेटले तेव्हा त्यांच्या हातात वहीचा एक कागद होता. एका बाजूला रोज घातलेले खाद्य आणि गव्हाणीतले उष्टे, दुसऱ्या बाजूला दूध. शेणाचे वजन त्यांनी घेतले नव्हते. "ते तेवढं म्हातारी करू देईना," असे म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले की हिशेब अपुरा आहे, पण सुरुवात बरोबर ठिकाणाहून झाली आहे.